पायाला किती?

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला दहापैकी दहा दिले नाहीत. हे ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना त्यात आपलं काही चुकलं असं त्यांना वाटायचं नाही. पोटच्या लेकीला आठ. शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला साडेआठ, आणि त्यातला अर्धा अक्षरासाठी. सदतीस वर्षं एकाच शाळेत गणित शिकवलं. आसपासच्या चार गावांत पन्नाशी उलटलेला असा एक माणूस दाखवा, ज्यानं मास्तरांकडून दहापैकी तीन घेऊन घरी बोलणी खाल्ली नाहीत. मी त्यांतली नाही. माझं माहेर लांबचं, मी लग्न होऊन इकडे आले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याला हे एक कारण आहे. निमित्त म्हणा. कारण मीच आहे.

मी सिस्टर. गावाबाहेर सडकेला लागून आमचं वृद्धांचं निवासगृह आहे. बैठी, लांबुळकी इमारत, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला जेवणाचा हॉल. सव्वीस खाटा. दिवसाला सिस्टर एकच, आणि हाताखाली दोन मावश्या. डॉक्टर दर गुरुवारी येतात, आणि एक्स-रेचं मशीन जिथं आहे ते शहर दोन तासांवर. त्यामुळे कुणाला कधी शहरात न्यायचं, हे बरंचसं मी वहीत काय लिहिते त्यावर ठरतं. माझी जीभ जरा तिखट आहे, पण काम चोख, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. मलाही ते ऐकायला आवडायचं.

मास्तर आमच्याकडे आले ते बायको गेल्यावर. लेक शहरात, तिचा संसार, नोकरी. येताना त्यांनी एक बॅग आणि खडूंचा डबा आणला. जेवणाच्या हॉलमध्ये आज काय शिजलंय ते लिहायला एक फळा होता. तो त्यांनी आठवड्याभरात ताब्यात घेतला. रोज सकाळी सात वाजता दाढी, आंघोळ उरकून हॉलमध्ये जायचे, ओल्या फडक्यानं फळा पुसायचे, तारीख, वार लिहायचे आणि खाली एक गणित. सव्वीस माणसं, प्रत्येकी दोन बिस्किटं, पुड्यात बारा, तर पुडे किती? चार पूर्णांक एक तृतीयांश म्हणणाऱ्याला शून्य, कारण दुकानदार पुडा फोडून देत नाही. आमची स्वयंपाकीण आधी या सगळ्याला नाकं मुरडायची. मग तीच फळ्यावर बघून पुडे काढायला लागली, पण कबूल कधी केलं नाही.

त्यांचा एक नियम होता. रागात पेपर तपासायचा नाही. एखाद्यानं कॉपी केली असेल, उर्मटपणा केला असेल, तर त्याचा पेपर गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवायचा आणि राग पूर्ण उतरला की मगच लाल पेन हातात घ्यायचं. एका मुलाचा पेपर म्हणे चार महिने बाजूला होता. मी हसून म्हटलं होतं, एवढा राग? तर म्हणाले, रागाचं माप नसतं, त्यानं मार्क चुकतात.

आता माझ्याकडे येते.

त्या वर्षी मला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. विषय एकच: म्हाताऱ्या माणसांचं दुखणं कसं ओळखायचं आणि कसं लिहायचं. खरं सांगते, मी फार मनापासून शिकले. कारण आमच्या वहीत वीस वर्षं दोनच शब्द लिहिले जात होते, ‘तक्रार नाही’. आमची माणसं दुखणं सांगतच नाहीत हो. वयच झालंय, चालायचंच, कुणाला त्रास कशाला, असं म्हणून गिळून टाकतात. विचारलं की ‘बरंय’. गुडघा टम्म सुजलेला असतो आणि तरी ‘बरंय’. तर ट्रेनिंगमध्ये सांगितलं, हो-नाही विचारू नका, आकडा विचारा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आकडा रोज लिहा, म्हणजे चढतंय की उतरतंय ते दिसेल. सोबत प्लास्टिकची एक पट्टी दिली. वर आकडे, खाली तोंडं, एका टोकाला हसरं, दुसऱ्या टोकाला रडकं.

परत आले ती पट्टी गळ्यात घालूनच. पहिल्या दिवशी चार नंबरच्या खोलीतल्या आजींनी सगळी तोंडं नीट न्याहाळली आणि हसऱ्यावर बोट ठेवलं. हाताला प्लास्टर होतं त्यांच्या. मी म्हटलं, आजी, एवढं दुखत असताना हसरं? तर म्हणाल्या, अगं सगळ्यांत हेच गोड आहे, रडक्याला कोण हात लावेल? मी मावशीला हा किस्सा सांगून सांगून हसले. आजींना पुन्हा समजावलं, तिसऱ्यांदाही समजावलं. म्हणजे माणूस पट्टीचा भलताच अर्थ लावू शकतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

मास्तर पडले ते एका बुधवारी सकाळी, बाथरूममध्ये. ओल्या फरशीवर पाय सरकला आणि बसल्यासारखे खाली आले. मावशीनं उठवलं. उभे राहिले, माझा हात झटकला आणि लंगडत स्वतःच खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी गुरुवार. डॉक्टरांनी पाय हलवून बघितला, कमरेपाशी दाबलं, चालून दाखवायला लावलं. मुका मार दिसतोय, म्हणाले. शहरात न्यायचं तर दोन तास जाणं, दोन तास येणं, या वयात धक्के बसणार. त्यापेक्षा गोळ्या चालू करू, दिवसाला तीन. तुम्ही नवीन पद्धतीनं रोज आकडा लिहा. आकडा चढला तर मला फोन करायचा, लगेच एक्स-रे काढू. उतरत गेला तर गोळ्याही उतरवू. मी म्हटलं, लिहिते की.

शुक्रवारी सकाळी मी पट्टी घेऊन मास्तरांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्म्यावरून पट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, चित्रं बालवाडीत दाखव. मीही ओशाळले. सदतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला मी काय शून्य आणि दहा समजावणार? ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं ते एक वाक्य, शून्य म्हणजे काय आणि दहा म्हणजे काय, ते माझ्या ओठांवर होतं. ते मी गिळलं. पट्टी खिशात घातली आणि सरळ विचारलं, “मास्तर, पायाला किती? दहापैकी?”

त्यांनी जरा विचार केला. पाय उचलून बघितला. “सहा,” म्हणाले.

मी सहा लिहिलं. शनिवारीही सहा. रविवारी पाच, सोमवारी पाच, मग साडेचार. अर्ध्यातसुद्धा सांगायचे, म्हणून मला कोण कौतुक. बाकीचे ‘असेल पाच-सहा, लिही काहीतरी’ म्हणायचे. मास्तर मात्र डोळे मिटून, पाय हलवून, तोलून आकडा द्यायचे. दुसऱ्या गुरुवारी चार होते. डॉक्टर खूष. तीन गोळ्यांच्या दोन केल्या. माझा तक्ता त्यांनी ऑफिसातल्या बोर्डावर लावला आणि नव्या सिस्टरांना दाखवायला म्हणून त्याचा फोटो काढला. किती छान उतरतोय बघा, म्हणाले. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो जीप चालवतो, दिवसभर थकलेला असतो. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा तो उठून हात धुवायला गेला.

मावशीला मात्र ते पटत नव्हतं. मावशी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई, माझ्याही आधीपासूनची. ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली, सिस्टर, मास्तर उठताना उशीचं टोक तोंडात धरतात. मी म्हटलं, सवय असेल. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, मास्तर आज फळ्यापाशी गेले नाहीत, खडू माझ्याकडे दिला आणि तूच तारीख लिही म्हणाले. मावशीनं तारीख लिहिली, उलट्या क्रमानं, आधी वर्ष. मास्तरांनी बघितली असती तर शून्य मिळालं असतं. मी म्हटलं, कंटाळा आला असेल, माणूस आहे. दोन दिवसांनी ती परत आली. मास्तर कूस बदलू देत नाहीत, अंगाला हात लावला की दरदरून घाम फुटतो त्यांना. तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, “मास्तर स्वतःच्या तोंडानं आकडा सांगतायत आणि तो रोज उतरतोय. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?”

तिनं बादली उचलली आणि गेली. हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही.

मास्तरांची लेक दर रविवारी फोन करायची. वडील पडले कळल्यावर यायला निघाली होती, रजासुद्धा टाकली होती. मी तिला म्हटलं, अहो, कशाला धावपळ करता, दुखणं सहावरून तीनवर आलंय, पुढच्या महिन्यात निवांत या. तिचा जीव भांड्यात पडला. माझे आभार मानले तिनं. रजा रद्द केली.

तिसऱ्या गुरुवारी आकडा अडीच. डॉक्टरांनी रोजची गोळी बंद केली, अगदीच लागली तर द्या म्हणाले. मास्तरांनी गोळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या शनिवारी फक्त एवढं म्हणाले, “दोन. हा काही आता वर जात नाही, सिस्टर.” मी म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो, नकोच जायला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या बघण्याचा अर्थ मला आता कळतो. तेव्हा मी पुढच्या खोलीत निघाले होते.

आणि मग तो मंगळवार. महिन्यातून एकदा आमच्याकडे गावातला सलूनवाला येतो, सगळ्यांचे केस, दाढ्या करायला. पन्नाशी-पंचावन्नचा, बडबड्या, मास्तरांचाच विद्यार्थी. दाढी करताना शाळेतला सगळा हिशोब चुकता करून घ्यायचा. आता मान तुमची माझ्या हातात आहे मास्तर, म्हणायचा, आणि मास्तर म्हणायचे, वस्तरा सरळ धर, भूमितीत तुझी रेघ कधी सरळ आली नाही. त्या दिवशी मास्तरांना खुर्चीत बसवत नव्हतं म्हणून तो खाटेवरच त्यांची दाढी करत होता. मी औषधांचा ट्रे घेऊन दारावरून चालले होते.

त्यानं मला हाक मारली. हसतच होता. “सिस्टर, यांचा हात अजून सैल झाला नाही बरं का. स्वतःच्या पायाला दीड दिलाय. मला निदान तीन तरी द्यायचे.”

मी म्हटलं, काय दीड?

“मार्क हो. तुम्हीच विचारता ना रोज, पायाला किती म्हणून? पाय नापास झाला म्हणतायत.”

मी ट्रे तिथंच टेबलावर ठेवला. मास्तरांच्या एका गालाला फेस होता, दुसरा गाल साफ. मी विचारलं, मास्तर, दीड म्हणजे दुखणं दीड ना? कमी ना?

“दुखणं कुठं विचारलंस तू?” मास्तर म्हणाले. “पायाला विचारलंस.”

सलूनवाला हसायचा थांबला.

एकोणीस दिवस. सहा, सहा, पाच, पाच, साडेचार. मी त्यांच्या पायाला मार्क विचारत होते आणि ते देत होते, नेहमीसारखे, काटेकोर, हात आखडता घेऊन. पाय रोज थोडा थोडा नापास होत होता आणि मी रोज खूष होत होते. या गावात लहानाची मोठी झालेली कुणीही बाई असती तर पहिल्या दिवशीच हसली असती. मास्तरांना ‘अमक्याला किती, दहापैकी’ विचारलं की काय मिळतं, हे इथल्या पोराटोरांना माहीत. पण निमित्त निमित्तच. ते वाक्य मी गिळलं होतं. आणि मावशीनं तीनदा सांगितलं होतं.

मी कमरेपाशी नुसता हात ठेवला. फक्त ठेवला. मास्तरांनी उशीचं टोक तोंडात घेतलं.

नवऱ्यानं जीपमध्ये गादी टाकली. मी मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दोन तासांच्या रस्त्यात मी त्यांना विचारलं, गोळ्या कमी केल्या तेव्हा काही बोलला का नाहीत? खड्डा आला की ते डोळे मिटून घ्यायचे. मग म्हणाले, “मला वाटलं, तुमच्याकडच्या संपल्या असतील. मागायला बरं वाटेना.” मी तोंडावर पदर घेतला. नवऱ्यानं आरशातून बघितलं आणि गाडी आणखी हळू केली.

खुब्याच्या हाडाला पहिल्या दिवशी बारीक तडा गेला असणार. तेव्हाच आणलं असतं तर दोन स्क्रूंवर भागलं असतं, महिन्याभरात काठी घेऊन चालले असते, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले. एकोणीस दिवस त्याच पायावर उठबस करून ते हाड सरकलं होतं. ऑपरेशन झालं, मोठं झालं. मास्तर त्यातून वाचले, पण चालणं परत आलं नाही. लेक धावत आली. ती मला एका शब्दानंही वाकडं बोलली नाही. फक्त म्हणाली, “तुम्ही मला फोनवर तीन म्हणाला होतात.” मी म्हटलं, हो. तिनं मान हलवली आणि वडिलांच्या खोलीत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निवासगृहात कुणी मला फारसं बोललं नाही. डॉक्टरांनी निम्मं आपल्या अंगावर घेतलं. मीही दर गुरुवारी फक्त कागद बघत होतो, म्हणाले. बोर्डावरचा तक्ता मी स्वतः काढला. मावशीची माफी मागायला भांडीघरात गेले, तर तिनं ऐकूनच घेतलं नाही. असू दे सिस्टर, म्हणाली, सगळ्यांचंच असतं. मला ते असू द्यायचं नव्हतं.

महिन्याभरानं मास्तर परत आले, चाकाच्या खुर्चीत. पाय अधूनमधून फार दुखायचा, विशेषतः खुर्चीतून उठवताना. या वेळी मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले आणि बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. मास्तर, मार्क नाहीत हे. हे दुखण्याचं माप आहे. काहीच नाही तर शून्य, सहनच होत नाही तर दहा. परत म्हणून दाखवा. त्यांनी निमूटपणे म्हणून दाखवलं. मग मी म्हटलं, मी विचारायची वाट बघू नका, मी दारात दिसले की तुम्हीच आकडा सांगायचा. ते म्हणाले, बरं. आणि खरंच, त्या दिवसापासून मी दिसले की आधी आकडा, मग बाकीचं. चार. तीन. सहा. मी लिहायचे, शेजारी मावशीला काय दिसलं तेही लिहायचे, आणि दोन्ही जुळलं नाही तर परत जायचे.

पण मनाची टोचणी काही जाईना. मला त्यांच्याशी एकदा बोलायचं होतं, नीट, दोघांतच. जीपमध्ये बोलले होते ते अर्धवट. शेवटी एका दुपारी, जेवणं झाल्यावर, सगळे आडवे झाले होते तेव्हा मी मास्तरांच्या खोलीत गेले, दार ओढून घेतलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सुरू झाले. थांबले असते तर माझा धीर सुटला असता. सगळं सांगितलं. गिळलेलं वाक्य सांगितलं. मावशीला काय बोलले ते सांगितलं. लेकीची रजा मीच रद्द करायला लावली ते सांगितलं. बोर्डावर तक्ता लागला तेव्हा मला किती आनंद झाला तेसुद्धा सांगितलं, त्याचीच जास्त लाज वाटत होती. मास्तर डोळे मिटून पडले होते, हातानं खाटेची कड धरलेली. मी रडत होते. रडता रडता म्हटलं, मास्तर, सांगा आता, मला किती?

त्यांनी खाटेची कड आणखी घट्ट धरली. मग म्हणाले, “दहा.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दहा. ज्यांनी लेकीला आठ दिले, त्यांनी मला दहा दिले. मी त्यांचा हात कपाळाला लावला आणि खोलीबाहेर आले. इतके दिवस छातीवर जे बसलं होतं ते उतरलं. पॅसेजमध्ये चार नंबरच्या आजी भेटल्या, त्यांना म्हटलं आजी, आज तुमच्या हसऱ्या तोंडावर मीपण बोट ठेवते. ऑफिसात जाऊन पंख्याखाली बसले. साखर जास्त घालून चहा प्याले.

पाऊण तासानं मावशी पळत आली. मास्तर थरथरतायत, म्हणाली, चादर घामानं भिजलीय, दातांत टॉवेल धरलाय, सोडत नाहीत.

मी दारात पोचले. मास्तरांनी टॉवेल तोंडातून काढला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तेच म्हणाले. दहा.

काय केलं मी. अहो, काय केलं मी. मी दारात दिसले की त्यांनी आकडा सांगायचा, हे मीच शिकवलं होतं. दहा म्हणजे सहन होत नाही, हे मीच घोकून घेतलं होतं. त्यांनी बरोब्बर सांगितलं, शिकवलं तसंच, आणि मी तो आकडा स्वतःच्या पदरात पाडून घेऊन चहा प्यायला गेले. पहिल्या वेळी निदान प्रश्न चुकला होता. दुसऱ्या वेळी काही चुकलं नव्हतं. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. खरं तर पहिल्या वेळीही तेच केलं होतं.

इंजेक्शन दिलं, डॉक्टरांना फोन केला. पाय उशांवर सरळ केला, मावशीनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. अर्ध्या तासानं त्यांचा जबडा सैल झाला. मावशी ओली चादर घेऊन गेली. मी तिथंच स्टुलावर बसून राहिले.

ते म्हणाले, “मी सांगितलं होतं.”

“हो, सांगितलं होतंत.” मग मी खरं ते सांगून टाकलं. “मला वाटलं, ते दहा माझे.”

मास्तरांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. “तुला?” म्हणाले. आवाज चढला नव्हता, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसा शांत होता. “तुझा पेपर मी बाजूला ठेवलाय.”

मी मान हलवली. त्याचा अर्थ मला सलूनवाल्याला विचारावा लागला नाही.

त्यानंतर मास्तर सात महिने होते. आकडा रोज सांगायचे, मी रोज लिहायचे, लिहिल्यावर मोठ्यानं परत वाचून दाखवायचे आणि ‘म्हणजे कमी ना?’ किंवा ‘म्हणजे जास्त ना?’ असं विचारायचे. ते वैतागायचे, तरी उत्तर द्यायचे. आता आमच्याकडे प्रत्येकाला त्याच्या भाषेत विचारतो. टेलरकाका सुई की दाभण ते सांगतात, चार नंबरच्या आजींना मी चेहऱ्यांची पट्टी दाखवतच नाही, कूस बदलताना त्यांच्या कपाळाकडे बघते. मावशीच्या म्हणण्याला तक्त्यात वेगळी ओळ आहे. फळा आम्ही काढून मास्तरांच्या खुर्चीच्या उंचीला लावला. ते बसून गणित लिहायचे, निम्म्या फळ्यापर्यंतच हात पोचायचा. वरचा निम्मा कोराच राहायचा.

त्या सात महिन्यांत ते माझ्याशी नीट बोलायचे. माझ्या मुलीला अपूर्णांक समजावून दिले. एकदा माझ्या चहाला नावं ठेवली. त्या पेपरचं मी कधी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे मला माहीत होतं.

शेवटच्या सकाळी लेक शेजारी होती. मी दारात गेले, तर हळूच म्हणाले, “एक.”

मी विचारलं, एक म्हणजे कमी दुखतंय ना, मास्तर?

“कमी दुखतंय,” ते म्हणाले. मी ते लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. मी अजून थोडा वेळ दारात उभी राहिले, पण त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही.